भांडण गाडीशी, निकाल सुनेचा

हातातला चहा आधी संपवा. मधेच हसू येऊन ठसका लागला तर पाठीवर थापटायला मी उठणार नाही, गुडघे दुखतात माझे. आणि शेवटाकडं हसू आपोआप थांबलं, तर त्याचाही दोष माझ्यावर घालू नका. घाला, घाला. दोष माझाच आहे. एवढा मोठा गाढवपणा मी आजवर केला नव्हता, आणि तुम्ही मला ओळखता, मी बारीकसारीक काम कधी हातात घेत नाही.

माझा पोरगा गजू पुण्याला कंपनीत आहे. त्यानं नवीन गाडी घेतली आणि आणून ठेवली आमच्या गावात, हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याजवळ. का? तर अर्चनासाठी. अर्चना माझी सून. नर्सचं शिक्षण झालेलं, कामाला वाघीण, आणि तोंडानं गाय. मला 'आत्याबाई' म्हणते आणि पुढचं सगळं मनात ठेवते. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडं आहे.

तर अर्चनाला सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एका उपकेंद्रात जागा मिळत होती. ती काही साधी जागा नव्हती. लागूनच तिचं माहेर आहे आणि तिथं तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, एकट्या राहतात. नजर अधू झालेली, पोरगा नाही, लेक ही एकटीच. ती जागा मिळाली असती तर अर्चना रोज दुपारी आईच्या ताटात गरम भाकर वाढू शकली असती. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी सांगून टाकलं होतं, "सिस्टर, इकडं बसचा भरवसा नाही. स्वतः गाडी चालवत येणार असाल तर जागा तुमची. सोमवारपर्यंत पक्कं लायसन दाखवा, नसता दुसऱ्या सिस्टर तयार आहेत."

लायसनची परीक्षा शुक्रवारी, हिंगोलीला. अर्चनाकडं शिकाऊ लायसन होतं. शेजारी पक्कं लायसनवालं माणूस पाहिजे. ते कोण? मी!

हो, मी. मला गाडी कोणी शिकवली? कोणीच नाही. मालक गेले तेव्हा दारात जीप उभी होती आणि ती हलवणारं घरात कोणी नव्हतं. खळ्यात फिरवून फिरवून शिकले. एक बाभूळ आडवी केली, कडब्याची गंजी पाडली, पण शिकले. अक्षरंसुद्धा अशीच शिकले, किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून. ज्याला मास्तर नाही त्याला मास्तरकी फार, असं आमच्या गावात म्हणतात. माझ्याकडं बघूनच म्हणत असावेत.

आता ही गाडी. गजूनं मला समोर बसवून समजावलं.

"माय, या गाडीला डोळा हाये. समोरच्या काचेत, वर आरशामागं. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा बघती. तू रेघ सोडून चालली की स्टेअरिंग धरून आत आणती. चौकात आडवं कोणी येऊन राहिलं की वरडती. अन् तू वळून राहिली अन् समोरून कोणी आलं, तर सोताच ब्रेक मारती."

"मंग मी काय करू? भजन?"

"तू लक्ष ठेवायचं."

"ती माझ्यावर ठेवणार, मी तिच्यावर ठेवणार. मंग रस्त्यावर कोण ठेवणार?"

गजूनं हात जोडले. मला वाटलं, जिंकले. खरं तर तिथंच हरायला सुरुवात झाली होती.

एक गोष्ट आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला अगदीच अडाणी समजाल. आमच्या रस्त्यावर उजव्या दिव्याचा अर्थ 'मी उजवीकडं वळतो' असा नसतो. ट्रकवाला उजवा दिवा लावतो तो मागच्याला सांगायला, 'ये बाबा, निघ पुढं.' तुम्ही वळायला म्हणून उजवा दिवा लावला की मागचा भाऊ उजवीकडून घुसलाच समजा! म्हणून माझा कायदा एकच. दिवा लावायचा नाही. खिडकीतून हात काढायचा, आवाज द्यायचा आणि वळायचं. इतकी वर्षं चाललं ते. पण ज्यानं ही गाडी बनवली त्याला आमच्या रस्त्याचा कायदा कोण सांगणार? त्यानं आपली पुस्तकातली गाडी बनवली. दिवा लावला तर माणूस वळतोय, नाही लावला तर माणूस चुकतोय.

शुक्रवारी सकाळी निघालो. अर्चना चालवत होती, मी शेजारी. गावातून फाट्यापर्यंत बराबर आलो. फाटा आमचा मोठा अवघड आहे. गावचा रस्ता येऊन मोठ्या रस्त्याला मिळतो, एका बाजूला चहाची टपरी, दुसऱ्या बाजूला उभी असलेली रिक्षा, म्हणजे येणारा दिसतच नाही. अर्चनानं उजवा दिवा लावला, थांबली, गाडीचं नाक थोडं पुढं काढलं. गाडी 'टीं टीं टीं' करून किंचाळली. अर्चनानं ब्रेक दाबला. आणि उलट्या बाजूनं एक फटफटी सुसाट गेली. तिच्यावर तिघं, आणि मधे बोकड.

"बघितलं का आत्याबाई?" अर्चना म्हणाली.

"बोकड चांगला व्हता," मी म्हटलं. "चल आता."

"ट्रक येऊन राहिला."

"तो अजून पार तिकडं हाये!"

ट्रक गेला. मग टेम्पो. मग कापसाची गाडी. अर्चना आपली उजवीकडं बघते, डावीकडं बघते, पुन्हा उजवीकडं. मागून एका पिकअपवाल्यानं भोंगा धरला तो सोडेचना. त्या भोंग्यानं माझं डोकं तापलं.

"उतर. हो इकडं. मी काढते गाडी."

"मला जमून राहिलं, आत्याबाई. थोडं थांबा ना."

"थांबून थांबून इथंच सोमवार उजाडंल! उतर म्हणते ना."

ती उतरली. पिकअपवाल्याच्या डोळ्यांदेखत उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या जागी येऊन बसली आणि पदर नीट केला. एवढंच. तेव्हा मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आता डोळे मिटले की तो पदर नीट करणारा हात दिसतो.

मी मात्र रंगात आले! खिडकीतून कोपरापर्यंत हात काढला, "ए थांब रे!" म्हणून आरोळी ठोकली आणि घातली गाडी मोठ्या रस्त्यावर. ट्रक थांबला. थांबणार नाही तर जातो कुठं? आवाज माझा आहे. गाडी आतून 'टीं टीं' करत होती, मी बाहेरून ओरडत होते. दोघींपैकी मीच जिंकले.

"बघ," मी अर्चनाला म्हटलं, "असं वळायचं असतं."

पुढं रस्ता मोकळा. एक ट्रॅक्टर आडवा आला म्हणून मी गाडी उजवीकडं घेतली, तर काय! स्टेअरिंग हातातून उलटं ओढलं गेलं.

"काहून धरून राहिली गं स्टेअरिंग?"

"मी? माझे हात मांडीवर हायेत, आत्याबाई."

"मंग कोण ओढून राहिलं?"

"गाडी. तुमी दिवा लावला न्हाई ना. तिला वाटून राहिलं, तुमी चुकून रेघेबाहेर चालल्या."

"तिला काय वाटायचं ते वाटू दे! गाडी कोणाची?"

"गजाननची."

"गजानन कोणाचा?"

मी पुन्हा उजवीकडं ओढलं, गाडीनं पुन्हा डावीकडं ओढलं. बैल अडून बसला की त्याची शेपूट पिळता येते. हिची शेपूट कुठं आहे ते गजूनं सांगितलं नव्हतं. कळमनुरीपर्यंत आमची अशी खेचाखेच चालली. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं असेल, म्हातारी सकाळीच घेऊन निघाली.

आणि मग समोरच्या पडद्यावर एक चित्र उमटलं. चहाचा कप! वाफेसकट. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. इंग्रजी मी अजून स्वतःला शिकवलेलं नाही.

माझा राग तिथंच विरघळला. म्हटलं, भांडकुदळ आहे, पण रीत जाणते. वाटेत चहा विचारते! रस्त्याकडेला हॉटेल होतं, मी गाडी थांबवली.

"आत्याबाई, त्याचा अर्थ तसा न्हाई," अर्चना म्हणाली.

"मंग कसा? कप हाये, वाफ हाये. अजून काय बशी पाहिजे?"

"आपला नंबर लागंल ना तिकडं."

"नंबर काय पळून चालला? पी चहा."

हॉटेलवाल्यालाही मी सगळं रंगवून सांगितलं. "अशी गाडी तुमच्या बापजन्मात पाहिली नसंल, माणसाला चहाची आठवण देती!" तो म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक आणणारी अशी गाडी मला बी पाहिजे." अर्चना उभ्यानंच चहा पीत रस्त्याकडं बघत होती.

निघालो. पुन्हा तीच ओढाताण. आणि थोड्या वेळानं पडद्यावर पुन्हा कप!

"आता? इतक्या लवकर?" म्हटलं, पाहुणचार जरा जास्तच होतोय, पण नाही म्हणणं बरं दिसत नाही. पुन्हा थांबले. दुसरा चहा हातात आला तेव्हा अर्चनाचा बांध फुटला. बांध म्हणजे तिचा, बारकासा.

"आत्याबाई, गाडी चहा विचारून न्हाई राहिली. तिला वाटून राहिलं तुमाला झोप येऊन राहिली. सारख्या रेघेवर चालल्या ना तुमी. 'चालवणं थांबवा, आराम करा' असं लिव्हलंय तिथं."

मला झोप! अहो, मी पहाटे उठून सगळ्या गल्लीला उठवते! आणि मला यंत्रानं सांगावं, बाई, तुम्ही चालवू नका? एवढा वेळ मी तिचं कौतुक सांगत हिंडले आणि ती माझी लायकी काढत होती! मी कप तसाच टाकला. हॉटेलवाला हसला का, माहीत नाही. मला मात्र हसल्यासारखा दिसला.

आता वेळ गेली होती ती माझ्यामुळं आणि राग आला होता तोही माझाच. पण मी तो सगळा गाडीच्या माथी मारला आणि हिंगोलीकडं सुटले.

परीक्षेचं मैदान उजव्या हाताला. समोरून येणाऱ्यांचा रस्ता कापून आत वळायचं. अर्चना म्हणत होती, "आत्याबाई, दिवा लावा, दिवा." मी दिवा लावला नाही. हात काढला. समोरून एक हेल्मेटवाला फटफटीवर येत होता. त्याला मी पंजा दाखवला, थांब म्हणून. आणि वळवली.

तो थांबला नाही. मीही थांबले नाही. गाडी थांबली! अशी थांबली की माझा चष्मा नाकावरून उडून काचेवर आदळला आणि अर्चनाच्या तोंडून "माय गं!" निघालं. हेल्मेटवाल्यानंही ब्रेक दाबला, फटफटी हळूच आडवी झाली. त्याला लागलं नाही, पण हँडलला अडकवलेला डबा सुटला आणि वांग्याची भाजी रस्त्यावर पसरली.

आता शहाण्या माणसानं काय करावं? खाली उतरावं, विचारावं, बाबा लागलं का?

मी उतरले आणि म्हटलं, "डोळे काय खिशात घालून गाडी चालवतो का रे?"

"आजी, मी माझ्या बाजूनं येत होतो. वळत तुम्ही होता. इंडिकेटर कुठं होता तुमचा?"

"आजी कोणाला म्हणतो? एवढा हातभर हात बाहेर काढला, तो दिसला न्हाई? इंडिकेटर एवढासा असतो, हात केवढा असतो!"

माणसं जमली. मी त्याच्या सात पिढ्यांच्या गाड्या काढल्या. त्यानं शांतपणे भाजी एका बाजूला केली, रिकामा डबा उचलला आणि फटफटी ढकलत मैदानाच्या फाटकातून आत गेला. आत जाऊन हेल्मेट काढलं, खुर्चीवर बसला, आणि पुकारलं, "पुढचं कोण?"

परीक्षा घेणारे साहेब! मधल्या वेळेत घरी जाऊन डबा घेऊन येत होते.

पण माणूस देवासारखा निघाला हो. अर्चनाकडं बघून म्हणाला, "परीक्षा यांची आहे ना? उशीर झालाय, तरी या. यांचा काय दोष? फक्त आजी, तुमच्या तोंडून ऐकू द्या, मघाशी गाडी कोण चालवत होतं?"

'मी.' एक अक्षर! तेवढं बोलले असते तर हा किस्सा इथंच संपला असता आणि विहीणबाईंच्या ताटात रोज गरम भाकर पडली असती. पण भोवती परीक्षेला आलेली माणसं उभी होती, दात काढत होती. आणि सगळ्यांसमोर 'चुकले' म्हणायचं मी स्वतःला कधी शिकवलं नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, "गाडी कोण चालवणार? गाडीच चालवती! आपोआप वळती, आपोआप ब्रेक मारती, स्टेअरिंग बी तीच ओढती. हिच्यात माणसाला करायला काही ठेवलंच न्हाई, साहेब. मला काय विचारता, तिलाच विचारा!"

साहेबांनी काचेतल्या त्या डोळ्याकडं बघितलं. "असं का? सिस्टर, खरं आहे?"

"व्हय सर, पण ते बंद करता येतं," अर्चना घाईघाईनं म्हणाली. "मी बंद करूनच परीक्षा..."

"बंद काय करती!" मी मधेच. "बंद केलं तर हिला काय येतंय?"

बोलून गेले आणि मलाच ऐकू आलं. पण शब्द काही मेंढरू नाही, हाक मारली की परत यायला.

साहेबांनी डोक्याला हात लावला. "मग आजी, तुम्हीच सांगा, मी परीक्षा कोणाची घेऊ? बाईंची का गाडीची?"

सगळं मैदान हसलं. अर्चना नाही हसली.

या गाडीवर परीक्षा घेता येणार नाही, साधी गाडी आणा, असं ठरलं. तिथल्याच एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची जुनी गाडी मिळाली, गिअरवाली. अर्चना शिकलेली बिनगिअरच्या गाडीवर. पहिल्या वळणावर बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद पडली. मी फाटकाजवळ उभी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला काही सांगावंसं वाटलं नाही. नापास. पुढची तारीख घ्या म्हणाले. पुढची तारीख सोमवारच्या पुढची.

परत निघताना मी किल्ली तिच्या हातात दिली. ती बसली आणि आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. तेव्हा मी पहिल्यांदा तिचं चालवणं बघितलं. कळमनुरीच्या चौकात एक पोरगी सायकल घेऊन आडवी आली, तर अर्चनाचा पाय ब्रेकवर आधी गेला, गाडी वाजली नंतर. एका ट्रकनं उजवा दिवा लावला. गाडीला त्यातलं काही कळलं नाही, पण अर्चनाला कळलं. तिनं मागचा-पुढचा रस्ता बघितला आणि निघून गेली. आमच्या फाट्यावर रेघच नाही, पुसून गेली आहे. तिथं गाडीचा डोळा गोंधळला, पडदा नुसता लुकलुकत राहिला. अर्चनानं दिवा लावला, आरशात बघितलं, मागचा घुसत नाही ना याची खात्री केली, आणि शांतपणे वळली. पुस्तकातला कायदा आणि रस्त्यातला कायदा, दोन्ही तिला येत होते. मला एक येत होता आणि गाडीला एक.

आणि मी म्हटलं होतं, हिला काय येतंय.

सोमवार गेला. सिद्धेश्वरची जागा दुसऱ्या सिस्टरला मिळाली. अर्चना मग पुढच्या तारखेला एकटीच गेली, म्हणजे शेजारच्या मास्तरांना बसवून गेली. मला 'चला' म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. त्याच गाडीतलं ते सगळं बंद करून दाखवलं आणि एका झटक्यात पास झाली. पण आता तिचं उपकेंद्र कनेरगाव नाक्याच्या बाजूला. माहेर राहिलं एकीकडं, नोकरी दुसरीकडं. संध्याकाळी थकून येते, आईला फोन लावते, "जेवली का माय?" विचारते, आणि तिकडून 'जेवले' असं खोटं उत्तर येतं ते आम्हा दोघींनाही कळतं.

मला माफी मागता येत नाही. एकदा पुरणाची पोळी करून वाढली. तिनं खाल्ली, म्हणाली, "चांगली झाली आत्याबाई." माझी मात्र ताटात तशीच राहिली.

मग मी ठरवलं, बिघडवलं आपण, तर भरूनही आपणच काढायचं. आता आठवड्यातून दोनदा मी एसटी धरते आणि विहीणबाईंकडं जाते. घर झाडते, भांडी लावते, डोळ्यांत औषधाचे थेंब घालते, शेजारी बसून जेवू घालते. अर्चनाला म्हटलं, "तुझ्या मायची फिकीर करू नको, मी हाये." तिनं मान हलवली. मला वाटलं, चला, तोळाभर तरी फिटलं.

परवा ती स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता फोन मोठ्या आवाजात ठेवून आईशी बोलत होती. मी ओसरीत होते. माझं नाव निघालं म्हणून कान दिले. विहीणबाईंचा आवाज अगदी काकुळतीला आलेला.

"अर्चे, तुला ती जागा भेटली न्हाई, जाऊ दे माय. मी एकटी राहीन, अर्धपोटी राहीन, ठेचकाळत फिरीन. पण तेवढं तुझ्या सासूला पाठवू नको! अगं, जलमभर भाकरी थापल्या म्या, अन् ती मला भाकर थापायला शिकवून राहिली!"

आणि माझी सून, जिनं मला आजवर उलटून उत्तर दिलं नाही, ती काय म्हणाली माहीत आहे?

"मी तरी काय करू माय? त्यांना ब्रेक मारंल अशी गाडी अजून निघाली न्हाई."